टॉर्च आडवा धरायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं ताई. जुनी चित्रं सांभाळणाऱ्यांची, सुटलेला रंग पुन्हा बसवणाऱ्यांची नावं तशीही चित्राशेजारच्या पाटीवर येत नाहीत.

चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे यांच्यावर आमच्या वर्गातल्या मुलांनी याआधी दोन व्याख्यानं ऐकली होती. दोन्हींत मौन, ध्यान आणि झेन हा बौद्ध ध्यानमार्ग. ते खोटं नाही, झेनचं त्यांना मनापासून आकर्षण होतं. पण एका मुलीने विचारलं, "रंग लावला कसा?" तेव्हा उत्तर मिळालं, "ते अनुभवायचं असतं." ती खाली बसली, आणि नंतर तिने कुणालाच काही विचारलं नाही. शिकायला आलेल्या पोरीला असं गप्प करणाऱ्यांचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही तिचा प्रश्न ऐकलात, उठून ट्यूबलाइट बंद केल्यात, सरावाचा बोर्ड स्वतः धरलात आणि टॉर्च तिच्या हातात दिलात. "समोरून नको मारू. कडेला टेकव, आडवा धर." एवढंच. समोरून सपाट गेरूसारखा दिसणारा रंग एकदम उठून आला. रोलर उचलला तिथली बारीक कड, सुरीने खरवडलेली जागा, कागद ओढून काढल्यावर राहिलेले फाटके काठ. तिचा प्रश्न वेडगळ नव्हता, हे तिला कुणी तोंडाने सांगावं लागलं नाही. ताई, आभार मुख्यतः त्या टॉर्चचे.

मग त्याच उजेडात तुम्ही गायतोंडे सांगितलेत. जन्म १९२४, नागपूर. वाढले गिरगावच्या चाळीत. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून डिप्लोमा. सुरुवातीला भारतीय लघुचित्रांतली रेषा आणि सपाट रंग, मग चित्रकार पाउल क्ले यांचा प्रभाव, आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी आकृती गळून गेली. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, पुढे १९७२ च्या सुमारास दिल्ली. 'अमूर्त' हा शब्द त्यांना आपल्या चित्रांसाठी नको होता, ते 'वस्तुनिरपेक्ष' म्हणत, म्हणजे कुठल्याही वस्तूवर न बेतलेलं. ब्रश मागे पडून रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंगाची सुरी, का आले, हे तुम्ही हातानेच दाखवलंत: ब्रशचा फटकारा चित्रकाराचा हात दाखवतो, रोलर तो पुसून टाकतो.

आणि चुका! यापूर्वी कुणी चुका सांगितल्याच नव्हत्या. रोलरवर रंग जास्त झाला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो, म्हणून आधी काचेवर फिरवून तो चिकट 'चर्र' आवाज येईपर्यंत पातळ करायचा. तेलरंग पातळ करणारं टर्पेंटाइन सढळ हाताने ओतलं की तेल कमी पडतं, थर वाळल्यावर भुकटीसारखा बोटाला लागतो. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. कागद दाबून रंग उचलताना वेळ गाठावी लागते. ओल्या रंगातून सगळंच निघून बोर्डाचं पांढरं अस्तर उघडं पडतं, वाळलेल्यातून काहीच येत नाही. करंगळी हलकेच टेकवली की चिकटावी, पण रंग बोटावर येऊ नये, तो क्षण. शाईचं छापील वर्तमानपत्र सरावाला नको, कोरा न्यूजप्रिंट, म्हणजे न छापलेला वर्तमानपत्राचा कागद, घ्या, नाहीतर अक्षरं उलटी उमटतात. शिवाय कागद तेल शोषतो, तिथे रंग मलूल दिसतो. त्याला डाग समजून लगेच वार्निश फासू नका, पुढच्या थराचा विचार करा.

हे सगळं गायतोंडे नेमकं असंच करत होते, असा दावा तुम्ही एकदाही केला नाहीत. "त्यांची पाककृती माझ्याकडे नाही, साधनं मात्र माहीत आहेत," म्हणालात. किती जाणकारांना हे म्हणता येतं? आपल्याकडे ज्ञान असलं की ते उंच फळीवर ठेवायची सवय आहे. तुम्ही ते टेबलावर ठेवलंत, मुलांचे हात रंगाने बरबटलेले असताना. मागे राहिलेल्या मुलांना बाजूला सारलं नाहीत, त्यांच्यासाठी जागा करून दिलीत. अशा साध्या सभ्यपणावरच कला शिकवणं तगून आहे.

सध्या बारा बाय सोळा इंचांचे नऊ बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेत, दोन थर झालेत. पावसाळी हवेमुळे वाळणं रखडलंय, आठवडा उलटला तरी करंगळीला रंग लागतोच. त्या मुलीने स्वतःच्या बोर्डामागे पेन्सिलने तारखा लिहायला सुरुवात केलीय: कोणता रंग, किती टर्पेंटाइन, कधी कागद लावला. बाकीच्यांनीही उचललंय ते. तिसरा थर सप्टेंबरमध्ये. त्याआधी सवड झाली तर या, ताई. टॉर्चमध्ये नवे सेल घालून ठेवलेत.