सर, टाक्यांचे दिवस तुम्ही मोजलेत

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

परवा वायनरीत हंगामातली शेवटची, रस आंबवायची टाकी धुऊन झाली आणि तुमची आठवण आली. समोर आलो की तुम्ही आभाराचं बोलूच देत नाही, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत पलूस-तासगावच्या बागा एकदम काढणीला आल्या. शिराझ या काळ्या वाइन-द्राक्षांचे क्रेट भरलेला टेम्पो दुपारभर वायनरीच्या दारात उन्हात उभा होता, कारण आत एकही टाकी रिकामी नव्हती. खालच्या क्रेटमधून रस गळायला लागला, चिलटं जमली. बागायतदार काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. नव्या टाकीसाठी मी कर्जाची कागदपत्रं जमवत होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आधी टाक्यांचे दिवस मोजू."

मी शिराझ आंबायचे आठ-दहा दिवस आणि शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षांचे दोन-तीन आठवडे, एवढंच धरत होतो. तुम्ही आमच्या पोरांबरोबर दोन दिवस उभं राहून निवळणं, उपसणं, धुणं सगळं वहीत मांडलंत. एक टाकी धुवायला किती वेळ लागतो तेही मनगटावरच्या घड्याळात बघून लिहिलंत. मग कॉम्प्युटरवर आमची अख्खी वायनरीच उभी केलीत: माल कधी येणार, रस पिळायचं प्रेस किती ओढणार, कुठली टाकी केव्हा मोकळी होणार. पिकायच्या तारखा मागंपुढं करत तोच हंगाम शेकडो वेळा चालवून बघितलात. नवी टाकी घालूनही तुंबायचंच! आंबताना रस तापतो, आणि सगळ्या टाक्या एकाच आठवड्यात जोरात आंबू लागल्या की टाक्या थंड ठेवणाऱ्या आमच्या चिलरला ते पेलत नव्हतं.

"कारखाना उसाची नोंद लागणीच्या तारखेनं घेतो. तुम्ही द्राक्षांची छाटणीच्या तारखेनं का घेत नाही?" हा तुमचा प्रश्न. सगळा जन्म उसाच्या मुलखात गेला, तरी मला हे सुचलं नव्हतं. यंदाच्या हंगामासाठी ऑक्टोबर छाटणीच्या आधीच बागायतदारांबरोबर बसलो आणि छाटणीला आठ-आठ दिवसांच्या अंतरानं प्लॉट धरले, म्हणजे काढणीही टप्प्याटप्प्यानं येईल. हवामानानं दोन तारखा हलल्याच. तेव्हा मी ब्रिक्सचे, म्हणजे द्राक्षातल्या साखरेचे, ताजे आकडे पाठवायचो आणि तुम्ही रात्री जागून मॉडेल पुन्हा चालवून द्यायचात. यंदा एकही टेम्पो दारात थांबला नाही, सर. कर्जही काढावं लागलं नाही.

मानधनाचं पाकीट तुम्ही परत केलंत. तुमची ती वही मात्र माझ्याकडेच राहिलीय. पुढच्या छाटणीच्या तारखा तिच्यातच लिहायला घेतल्यात. रविवारी राजारामपुरीत घेऊन येतो.

आपला नम्र,
कोल्हापूरचा एक वायनरीवाला