अण्णांबद्दल लिहायला बसशील तेव्हा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणींची पुस्तिका काढायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. मात्र 'शूर सैनिक, प्रेमळ पिता' असल्या शब्दांनी पानं भरू नकोस. ते कुणाबद्दलही लिहिता येतं. अण्णा त्यांच्या काळ्या ट्रंकेत आहेत, ती नीट वाच.

आधी डिस्चार्ज बुक. भरती, बढती, निवृत्ती यांच्या तारखा त्यातूनच उतरव. जन्मतारीख मात्र घेऊ नकोस. तिथे 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लावली. त्या पिढीत हे घरोघरी झालं. 'पोळ्याच्या आदल्या दिवशी' असं आजी सांगते, तसंच लिही. हुद्दा पीपीओवरचा, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरचा, नायब सुभेदार. गावाने त्यांना सुभेदार म्हटलं, तरी पुस्तिकेत वाढवून लिहू नये. अण्णांना ते खपलं नसतं.

पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. जुन्या पदकावर 'सॅपर', म्हणजे इंजिनिअर पलटणीतला साधा जवान, असं दिसेल, ती चूक नव्हे. पदक मिळालं तेव्हाचा तो हुद्दा. पूर्वी स्टार म्हणजे 1971 च्या युद्धात ते पूर्व आघाडीवर होते. सैन्य सेवा पदकाच्या फितीवरची 'हिमालय' पट्टी त्यांची डोंगरातली नोकरी सांगते. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक 15 ऑगस्ट 1972 ला नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं, ते शौर्याचं म्हणून छापू नकोस. आणि पदकं पितांबरीने किंवा चिंचेने घासायची नाहीत. कोरलेली अक्षरं झिजतात, खाचांत पांढरी पूड बसते. कोरडं मऊ सुती फडकं पुरे. फिती 32 मिलिमीटर रुंदीच्या असतात. विरलेली बदललीस तरी जुनी पाकिटात जपून ठेव.

परमवीर चक्र मिळालेले राम राघोबा राणेही अण्णांसारखेच खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणून त्यांची 1948 मधली नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढल्याची हकीकत अण्णांच्या आयुष्याला जोडू नकोस. अण्णा भरती झाले 1963 ला. त्यांचं काम पुलांचं, तेच लिही. सुटे भाग जोडून उभारायच्या बेली पुलाचं एक पॅनेल 10 फूट लांब, 5 फूट उंच, वजन सुमारे 260 किलो, आणि ते सहा जणांनी उचलायचं. सहांपैकी एकाचा पाय घसरला तर भार बाकीच्या पाचांवर येतो. अण्णांची कंबर म्हातारपणी का धरायची, हे वाचणाऱ्याला एवढ्यावरून कळेल.

सगळ्यात जास्त वेळ पत्रांना दे. पाकिटावर गावाचं नाव नाही म्हणून अडू नकोस. एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय; 99 एपीओ म्हणजे पूर्वेकडची पोस्टिंग, 56 म्हणजे उत्तर-पश्चिमेकडची. शिक्क्यावरची तारीख भिंगाने वाच आणि डिस्चार्ज बुकाशी ताडून बघ. मनीऑर्डरची कुपनं वेगळी काढून तारखेने लाव. त्यांच्यावर एकेकच ओळ आहे: 'थोरलीची फी आधी', 'आईच्या डोळ्याला उशीर नको'. गोठ्याचे पत्रे कसे बसवायचे त्याची आकृती काढलेलं एक पत्र आहे, पत्र्यावर पत्रा किती चढवायचा तेही मापासकट. ते अख्खं छाप. घरापासून वर्षाचे दहा महिने लांब राहून माणूस घर कसं चालवतो, ते माझ्या किंवा तुझ्या वाक्यांपेक्षा त्यात जास्त आहे.

टाचण्या गंजल्यात, त्या ओढू नकोस; आधी वाकलेलं टोक सरळ कर. सेलोटेप आणि लॅमिनेशन नको. टेपचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन मागाहून काढता येत नाही. फोटो 600 डीपीआयला स्कॅन कर. एकमेकांना चिकटलेले असतील तर सोडवू नकोस, वरचा थर निघतो. पाठीमागे नावं मऊ पेन्सिलीनेच लिही, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. पलटणीच्या ग्रुपफोटोत ओळखू न येणाऱ्या माणसाला अंदाजाने नाव देऊ नकोस, त्याचंही घर असेल.

मजकूर छपाईला देण्याआधी दुपारच्या जेवणानंतर आजीला मोठ्याने वाचून दाखव. बारीक अक्षर तिला दिसत नाही. ती 'हे नको' म्हणाली तर कारण विचारू नकोस, ते काढून टाक. ती मध्येच काही सांगायला लागली तर वाचणं थांबव आणि लिहून घे.

तुझी,
आई