दांडिया बाजारातल्या काकांस

ती. काकांस कृ. सा. न. वि. वि.

मौखिकी संपली आणि मी विद्यापीठाच्या आवारातूनच तुम्हाला फोन केला. पीएच.डी. झाली म्हटल्यावर तुम्ही "छान. आता आधी जेवून घे" एवढंच म्हणालात आणि फोन काकूंच्या हातात दिलात. प्रबंधातल्या ऋणनिर्देशात तुमचं नाव नाही, कारण तुम्ही ते घालू दिलं नाहीत. "कागद होते, ते वाचले. त्यात माझं काय?" असं तुमचं म्हणणं. तिथे मी तुमचा शब्द पाळला. पण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते चार लोकांसमोर सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे उघडं पत्र. नाव इथेही लिहीत नाही. दांडिया बाजारात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

माझा विषय तुम्हाला पाठ आहे, पण हे पत्र इतरही वाचतील, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८०० साली बडोद्याचे राजे गोविंदराव गायकवाड वारले आणि आनंदराव गादीवर आले. कारभार रावजी आप्पाजींच्या हाती होता आणि तिजोरीत खडखडाट. शहराचे दरवाजे अरब शिबंदीच्या, म्हणजे पगारी सैनिकांच्या, ताब्यात. त्यांचे पगार थकलेले आणि पैसे हातात पडल्याशिवाय ते हलायला तयार नाहीत. १८०२च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेनं बडोद्याला वेढा घालून त्यांना बाहेर काढलं, तरी थकबाकी चुकवावीच लागली. मग त्यासाठी पैसा कुणी दिला? काही कंपनीनं आणि काही शहरातल्या सावकारांनी, कंपनीच्या हमीवर. त्या हमीला बहांदरी म्हणत. पुढे सयाजीराव दुसरे आणि इंग्रज यांच्यात वर्षानुवर्षं जे बिनसलं, त्याच्या मुळाशी या बहांदऱ्याही होत्या. माझा प्रबंध या सावकारांवर आहे. त्यांनी राज्य कसं चालतं ठेवलं आणि त्या बदल्यात काय घेतलं, हा त्यातला प्रश्न.

इंग्रजी बाजू मिळवायला त्रास पडत नाही. दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, मेजर वॉकरचा पत्रव्यवहार आहे, तहांचे मसुदे छापलेले आहेत. घोडं अडतं ते दरबारच्या हिशेबांपाशी, कारण ते सगळे मोडीत. मी मोडीचा वर्ग केला होता, प्रमाणपत्रही घेतलं होतं. पण वर्गात शिकवतात ती सुबक, सुटी अक्षरं वेगळी, आणि फडावर, म्हणजे कचेरीत, बसून भराभर हात चालवणाऱ्या कारकुनाचं लिखाण वेगळं. तिथे ना शब्द तोडलेले, ना विरामचिन्हं. दफ्तरखान्यात कागदांचा रुमालात बांधलेला गठ्ठा सोडून बसायचं आणि पहिल्या बंदाच्या, म्हणजे लांब कागदाच्या, तिसऱ्या ओळीत अडकून पडायचं, असे माझे दिवस चालले होते. अशातच ग्रंथालयातल्या एकांनी तुमचं घर सांगितलं.

तुम्ही मला वाचायला बसवलंच नाहीत. हातात बोरू दिलात आणि म्हणालात, "आधी लिही." पानभर आडवी रेघ एका दमात ओढायची आणि मग बोरू न उचलता त्या रेघेला अक्षरं टांगत जायचं. तुमचे वडील संस्थानच्या नोकरीत होते. १ मे १९४९ला बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं तोवर त्यांनी तिथे कारकुनी केली आणि तुम्हाला लहानपणी असंच बसवलं होतं. तेच तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत. एकच पत्र पुन्हा पुन्हा उतरवायचं. कितीतरी आठवडे हेच चाललं होतं आणि प्रगती-अहवालात काय लिहावं ही चिंता मला खात होती. मग एका सकाळी एक नवा कागद समोर आला आणि तो वाचता आला. घाईत लिहिणाऱ्याचा हात कुठे वळेल, कुठे तो काना गिळेल, हे तोवर माझ्याच बोटांना कळायला लागलं होतं. अमुक अक्षर असं दिसतं, हे कुठल्याही पुस्तकातून शिकता येतं. ते तसं का झालं, हे मला तुमच्याशिवाय कुणी शिकवलं नसतं.

आणि कालगणना! पत्राच्या शेवटी नुसतं "छ", ही चांद्र तारखेची खूण, आणि तारीख, पुढे महिना शाबान की रमजान, आणि वर अरबी शब्दांत साल, "सलास मयातैन व अलफ". तीन, दोनशे आणि हजार. म्हणजे सुहूर सन १२०३. जूनमध्ये, मृगाला सुरू होणारं हे साल, त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवायचे, की इसवी सन येतो. तुम्ही हे तोंडी करता, मी अजून बोटं मोडते. मौखिकीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं. वेढ्याच्या दिवसांतला एक कागद पुढे करून तो १८०२चाच कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता. मी बोलायला लागले तेव्हा माझ्या तोंडून तुमचीच वाक्यं येत होती.

आता चौथ्या प्रकरणाबद्दल. परीक्षकांच्या अहवालात त्याचं कौतुक आहे आणि ते कौतुक अर्ध्याहून अधिक तुमचं आहे. सावकाराच्या हिशेबाचा तो लांब बंद आपण तुमच्या माडीवर खिडकीपाशी बसून वाचत होतो. दिव्याखाली शाई आणि डाग सारखेच दिसतात, म्हणून तुम्ही सकाळच्या उजेडाशिवाय कागद हातात घेत नाही. व्याजाची रक्कम मी टिपून घेतली. तुम्ही उभी हयात बँकेत काढलेली. भिंग खाली सरकवत म्हणालात, "सावकार नुसत्या व्याजावर कधी जगत नाही. पुढे वाच." पुढे मनोती होती, म्हणजे रक्कम उभी करून दिल्याबद्दलचा वेगळा मोबदला. त्याखाली बट्टा. बाबाशाही रुपया निराळा, सुरती निराळा, भडोची निराळा. एका नाण्यात द्यायचं, दुसऱ्यात फेडून घ्यायचं आणि मधला फरक आपल्या पदरात. आणि फेड व्हायची ती महालांच्या, म्हणजे परगण्यांच्या, वसुलावर दिलेल्या वरातांनी (पैसे द्यायच्या हुकूमपत्रांनी), म्हणजे शेतकऱ्याचा पैसा सरकारी खजिन्याचं तोंड न पाहताच सावकाराकडे वळलेला. कर्जाचा बोजा निव्वळ व्याजाच्या दरावरून मोजला तर तो फार हलका दिसतो, हे माझ्या प्रबंधाचं मुख्य म्हणणं. त्याची सुरुवात तुमच्या त्या "पुढे वाच"मध्ये आहे.

तुम्ही ऐंशी ओलांडलेले, तरी एकदा माझ्यासोबत दफ्तरखान्यात आलात. फोटोवर एक आकडा लागत नव्हता आणि मूळ कागद पाहिल्याशिवाय तुम्ही मत द्यायला तयार नव्हता. कागद हाती आल्यावर तुम्ही तो खिडकीकडे तिरपा धरलात. शाई सुकवायला टाकलेल्या वाळूचे कण ओळींमधून चमकत होते, दोनशे वर्षांनंतरही. त्या एका आकड्यावर मात्र एकही कण नव्हता. शाई थोडी तांबूस, रेघ जाड. "हा मागाहून कुणीतरी गिरवलाय," तुम्ही म्हणालात, आणि लगेच, "असावा. 'आहे' लिहू नकोस, 'असावा' लिही." मी 'असावा' लिहिलं. माझ्या प्रबंधात हा शब्द बऱ्याच ठिकाणी आहे आणि त्यातला एकही मी काढणार नाही.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा मला वाटलं, आता संपलं. दफ्तरखाना बंद, तुमच्याकडे येणं बंद. मी सहज म्हणून एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि संध्याकाळी काकूंचा फोन आला, "अगं, हे वाचून दाखवायचं म्हणताहेत, लिहून घे." त्यानंतर ती रीतच पडली. काकू फोन धरून बसायच्या, तुम्ही मोबाइलच्या पडद्यावर भिंग लावून एकेक ओळ सांगायचात, इकडे मी उतरवून घ्यायची. काकूंचे आभार वेगळे मानायला हवेत. गुजराती सावकारांच्या वह्यांसाठी शेजारच्या शेठकाकांना गाठलं ते त्यांनीच. त्या बिनमात्रांच्या नोंदी शेठकाका गुजरातीतून वाचायचे, तुम्ही मोडी बंदाशी ताडून पाहायचात आणि काकू दोघांना चहा द्यायच्या. दरबारचा हिशेब मराठीत आणि पेढीचा गुजरातीत, दोन्ही एका ओट्यावर जुळवता येणं हे बडोद्यातच शक्य आहे. या शहराच्या इतिहासावर काम करणाऱ्यानं दोन्ही भाषा जाणल्या पाहिजेत, हे माझं मत त्या ओट्यावर पक्कं झालं.

एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत मला सांगण्यात आलं होतं, की इंग्रजी कागद भरपूर आहेत, मोडीच्या मागे वर्षं घालवू नका. शिष्यवृत्तीही मिळाली नाही. मी तुमच्याकडे येऊन बसले, बोलायचीही इच्छा नव्हती. तुम्ही समजूत घातली नाहीत. वॉकरच्या एका पत्राचं भाषांतर आणि त्याच दिवसांतला दरबारचा मोडी कागद माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवलात. एकात सावकार स्वखुशीनं पैसे देतात, दुसऱ्यात त्यांची मनधरणी चालली आहे. मी उठून कामाला लागले. त्या दिवसाचं ऋण कसं फेडायचं मला माहीत नाही. पैशाचं नाव काढलं की तुम्ही रागावता, गुरुदक्षिणा म्हटलं की त्याहून जास्त.

म्हणून आता आभारांसोबत एक मागणं. तुमच्या कपाटातल्या वह्या. लोकांनी आणून दाखवलेल्या सनदा, देवस्थानांची पत्रं, वाड्यांचे करार, जे जे तुम्ही इतक्या वर्षांत वाचून देवनागरीत उतरवलंत ते सगळं त्यांत आहे. त्यातले काही मूळ कागद आता घरोघरी उरलेही नसतील. तुम्ही म्हणता त्या वह्या कच्च्या आहेत. असू देत. मला त्यांचं पानन् पान स्कॅन करू द्या. कुणाच्या घरचं खासगी काही असेल तर ते बाजूला काढू, तुम्ही सांगाल तसं.

येत्या रविवारी सकाळी, उजेड असताना, बांधून आलेली प्रत घेऊन येते. सोबत एम.ए.च्या दोन मुली असतील. दोघींनी मोडीचा वर्ग केला आहे आणि दोघी तिसऱ्या ओळीत अडकल्या आहेत. बोरू मी आणते, शाई तेवढी तुमची.

काकूंना नमस्कार. शेठकाकांनाही सांगा, वहीतली ती खोडलेली नोंद आता लागली आहे.

लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची विद्यार्थिनी
बडोदे