ग्राफिन म्हणालो, पण ते उत्तर अपुरं होतं

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

गेल्या खेपेला तुझ्या वर्कशॉपात चहा पिताना तू विचारलंस, "सगळ्यात मजबूत चीज कोणती रे?" आणि मी 'ग्राफिन' म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून रुखरुख लागून राहिली आहे, म्हणून आज नीट लिहायला बसलो.

ग्राफिन म्हणजे कार्बनच्या अणूंची एकपदरी जाळी. त्याच अणूंची एकामागे एक अशी नुसती ओळ लावली, आजूबाजूला काही नाही, तर ते कार्बाइन. २०१३ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात बोरिस याकोब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर हिशेब मांडला. अशी एक साखळी तोडायला साधारण १० नॅनोन्यूटन (म्हणजे न्यूटनचे दहा अब्जांश) जोर लागतो. आकडा चिमुकला वाटेल, पण जाडी एका अणूची आहे! वजनाच्या मानाने पाहिलं तर ताकदीत ती ग्राफिनच्या पुढे, आणि ताठपणात जवळजवळ दुप्पट.

कारण तुला लगेच पटेल. जाळी एका बाजूने ओढलीस की आडव्या धाग्यांचा उपयोग थोडा आणि वजन मात्र पुरं. साखळीत आडवं काही नाहीच. शिवाय तिच्यात अणूंना जोडणारे बंध एक एकेरी, एक तिहेरी, पुन्हा एकेरी अशा रांगेत असतात. तिहेरी बंध आखूड आणि जबर घट्ट. सगळे बंध सारखे दुहेरी का नाहीत, हा प्रश्न मला आजही मोहात पाडतो. लांब साखळीत अणू जोडीजोडीने किंचित जवळ सरकले की एकूण ऊर्जा कमी होते, म्हणून ते आपणहून सरकतात. साखळी ताणली की हा भेद आणखी वाढतो.

मग बाजारात ही दोरी का नाही? तुझ्या कोपऱ्यातल्या वेल्डिंगच्या मरून रंगाच्या डीए, म्हणजे विरघळवलेल्या अ‍ॅसिटिलीन वायूच्या, सिलिंडरकडे बघ. अ‍ॅसिटिलीनमध्ये हाच तिहेरी बंध आहे. हा वायू नुसता दाबून भरला तर ऑक्सिजन नसतानाही फुटू शकतो, म्हणून तो ॲसिटोनमध्ये विरघळवून, सच्छिद्र भरणात मुरवून ठेवतात. सिलिंडर आडवा करू नको, ॲसिटोन बाहेर येतं, हे तूच मला शिकवलंस. आता असे बंध एकापुढे एक जोडत जायचे! अ‍ॅडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८८५ च्या सुमारास म्युनिकमध्ये तेच करून पाहिलं, आणि हाती आली ती स्फोटक संयुगं.

साखळी ओढून सहज तुटत नाही, तिला भीती शेजारणीची असते. दोन साखळ्या भिडल्या की तिहेरी बंध उकलून एकमेकींत अडकतात, भरपूर उष्णता सुटते, आणि उरतो तो साधा कोळसा. ताकद आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुला उत्तर देताना दुसरी मी सांगितलीच नाही.

उपाय निघाले आहेत. २०१० मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात ४४ अणूंची साखळी झाली. दोन्ही टोकांना इतके अवजड गट बसवले की शेजारच्या साखळीला जवळ येताच येऊ नये. पण मला सगळ्यात आवडलेलं काम २०१६ चं, व्हिएन्नाचं. तिथे दुपदरी कार्बन नळीच्या पोटात साखळी वाढवली आणि ती ६००० अणूंच्या वर गेली. तुझ्या बुलेटच्या क्लच केबलसारखं: बाहेर आवरण, आत तार. अडचण इतकीच, की आवरणातून काढून ती तार शाबूत ठेवायची कशी.

आणि हो, गाजर. त्यात फाल्कॅरिनॉल नावाचं द्रव्य असतं, त्यात असे दोन तिहेरी बंध शेजारी शेजारी. चार अणूंचा तुकडा, पण आपला रोजचा! परवा गाजर किसताना मी बराच वेळ त्याकडे बघत बसलो होतो.

दिवाळीत कोल्हापूरला येतोय. जुनी क्लच केबल फेकू नकोस, आवरण सोलून तुझ्या पोरांना हे दाखवायचं आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास