तुझ्या लाळेच्या रिपोर्टबद्दल

मुलुंड, रविवार

चि. ओंकारास,

अनेक आशीर्वाद.

तुझा जनुकांचा रिपोर्ट वाचला. पहिल्या पानावरचं ‘दीर्घायुष्याची शक्यता जास्त’ वाचून तू खूश झालास आणि तिसऱ्या पानावर मधुमेहाचा लाल ठिपका बघून तुझी झोप उडाली. दोन्ही वेळा घाई केलीस.

आधी टक्क्यांचं बघू. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांचा अभ्यास १९९६ साली आला. माणसामाणसाच्या आयुर्मानात जो फरक असतो, त्यातला साधारण पाव हिस्सा जनुकांचा, असं त्यात निघालं. मग २०१८ साली कोट्यवधी लोकांच्या वंशावळी तपासल्या गेल्या, तेव्हा एका विश्लेषणात हाच आकडा दहा टक्क्यांच्याही खाली घसरला. कारण गमतीचं आहे. रक्ताचं नातं नसलेल्या मेहुण्यामेहुण्यांची आयुष्यंसुद्धा जुळत होती. माणसं आपल्यासारख्याच घरात सोयरीक करतात, त्यामुळे पैसा, शिक्षण, ताटातलं अन्न सारखंच असतं, आणि ते सगळं आधी जनुकांच्या खात्यावर जमा होत होतं.

शिवाय हा टक्का एका माणसाचा नसतोच. उद्या सगळी मुंबई एकच जेवण जेवली, एकच हवा श्वासात घेऊ लागली, तर उरलेला फरक बहुतेक जनुकांचाच दिसेल. टक्का वाढेल, आणि जनुक मात्र एकही बदललेलं नसेल. ‘माझं २५ टक्के नशिबात, ७५ टक्के हातात’ हे तुझं गणित म्हणून चुकीचं आहे. देवगडच्या हापूसचं कलम कर्नाटकात लावलं तरी झाड जनुकांनी तेच असतं, तरी वाशीच्या बाजारात त्याला देवगडचा भाव नाही. (व्यापारी खोटं लेबल लावून मागतात, ते सोड.) त्या फळाची गोडी किती टक्के कलमाची आणि किती टक्के मातीची, ते वेगळं करून सांग बघू.

आता तो लाल ठिपका. त्या जनुकाचं नाव टीसीएफ-७-एल-२. त्याचा धोक्याचा प्रकार असला की इन्शुलिन कमी स्रवतं. अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीतल्या लोकांची जनुकं २००६ साली तपासली गेली. ज्यांच्यात आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती धोक्याच्या होत्या आणि ज्यांना नुसती बिनऔषधाची गोळी मिळाली, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण धोक्याची एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त निघालं. तशाच दोन्ही प्रती असलेल्या ज्यांनी आहार सांभाळला, आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालण्याचं आणि ७ टक्के वजन उतरवण्याचं लक्ष्य धरलं, त्यांच्यात ही वाढ १५ टक्क्यांच्या आसपास उरली, म्हणजे आकडेशास्त्राच्या हिशेबात जवळजवळ पुसली गेली. जनुक जागच्या जागी होतं, फक्त त्याला बोलायला कोणी भाग पाडलं नाही.

‘पण मी तर बारीक आहे’ असं तू म्हणणार. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव कमी भरलेले, कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. पोटात असताना टंचाईच्या हिशेबानं घडलेलं शरीर पुढे अंधेरीच्या ऑफिसात दहा तास बसून वडापाव खातं, तिथे बिघडतं.

म्हणून काटा बाजूला ठेव आणि टेप घे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, सहज श्वास सोडून झाल्यावर माप घे. बहुतेक जण पॅन्टच्या पट्ट्यावर मोजतात, पट्टा ओघळलेल्या पोटाच्या खाली असतो म्हणून आकडा खोटा कमी येतो. आपल्याकडे पुरुषांची मर्यादा ९० सेंटीमीटर. बीएमआयही २३ च्या पुढे गेला की जास्तच धरायचा.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी, कर, पण नुसत्या त्यावर विसंबू नकोस. लोहाची कमतरता असली तर तो खोटा चढतो, आणि रक्तपेशी लवकर फुटत असतील तर खोटा उतरतो. ५.७ ते ६.४ टक्के आला किंवा शंका वाटली, तर उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशी साखर बघ. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, एकदाच तपास. तो जवळजवळ पूर्णपणे जनुकांच्या हातात असतो, खाण्यानं फारसा हलत नाही. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर आला तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि रक्तदाब दुप्पट काटेकोर सांभाळायचे, एवढाच अर्थ.

वीस तासांचा उपास मात्र बंद कर. २०१० साली उंदरांच्या चाळीसेक वाणांना ४० टक्के अन्न कमी दिलं, तर ज्यांचं आयुष्य वाढलं त्यांच्याहून जास्त वाणांचं घटलं. उंदीर आणि माणूस सारखे नव्हेत, पण एकच नुस्खा सगळ्यांना लागू पडतो हे सांगणारा अजून मला भेटायचाय. त्यापेक्षा जेवून झाल्यावर पंधरा मिनिटं चाल. काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो.

सिगरेटबद्दल एकच आकडा. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत ओढणाऱ्यांची दहा वर्षं गेली. तिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्यांना ती जवळजवळ सगळी परत मिळाली. तू एकोणतीसचा आहेस.

शनिवारी सकाळी रक्त द्यायला ये. शुक्रवारी रात्री दहानंतर फक्त पाणी. सकाळचा बिनसाखरेचा चहासुद्धा नाही, आणि ट्रेन पकडायला धावत येऊ नकोस, रक्तदाब चढलेला दिसेल.

तुझी,
आई