सर, तुम्ही आधी तिचे पाय बघितलात

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

हे पत्र हातात दिलं असतं तर तुम्ही "असू दे ओ ताई" म्हणून न वाचताच खिशात घातलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते. जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघात लेकीचं नाव लागलं, तेव्हापासून मनात साठलंय ते बोलल्याशिवाय चैन पडणार नाही.

नववीतच पावणेसहा फुटांच्या पुढे गेलेली पोर. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात जो तो विचारायचा, "अजून किती वाढणार गं?" नातेवाइकांना तिच्या लग्नाचा घोर. ती खांदे पाडून, मान खाली घालून चालायला लागली होती.

तुमच्याआधी जिथे खेळायला जायची, तिथेही फक्त तिची उंचीच हवी होती. "बास्केटखाली उभी राहा, हात वर कर," एवढंच शिकवणं. चेंडू आपल्या संघाकडे असताना समोरच्या रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात 3 सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, हेसुद्धा तिला पंचांची शिट्टी वाजल्यावर कळलं. मुलींचा चेंडू 6 नंबरचा असतो, तिथे पोरांचाच मोठा 7 नंबरचा द्यायचे. हरलं की सगळ्यांसमोर ऐकवायचे, "एवढी उंच असून काय उपयोग?" गुडघे दुखतात म्हणाली तर नाटकं करते म्हणाले. ती नाटकं नव्हती. हाडं भरभर वाढताना गुडघ्याखाली ओढ बसते, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि त्या डॉक्टरांकडे तिला पाठवलं तुम्ही.

बेळगावला तुमच्याकडे आणलं त्या दिवशी मी कडेला बाकावर बसले होते. तुम्ही तिची उंची विचारली नाही. थोडं पळवलंत, मध्येच थांबवलंत आणि बूट काढायला लावलेत. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. मुलींच्या बुटांत तिच्या मापाचा जोड मिळत नव्हता, पोरांचे घातले तर हसतील, म्हणून लहान बुटांत पाय कोंबून पोर पळत होती. घरात कुणाला बोलली नव्हती. तुम्ही हजेरीच्या वहीचं पान फाडलंत, कोर्टावर गुडघे टेकलेत, तिचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढलीत. आधी उजवा, मग डावा. एवढ्या मानाचा माणूस पायाशी बसला म्हणून ती पाय मागे घ्यायला लागली, तर म्हणालात, "हलू नको गं, माप चुकतंय." बूट आले. त्यांची किंमत तुम्ही आजपर्यंत सांगितलेली नाही.

पुढचं शिकवणं तिलाच ठाऊक. दोरीवरच्या उड्या, खाली येताना गुडघे वाकवणं, डाव्या हाताने ले-अप, म्हणजे पळत रिंगजवळ जाऊन उडी मारत चेंडू टाकणं. कंटाळली की अमेरिकेचा नावाजलेला बास्केटबॉलपटू जॉर्ज मायकन याची गोष्ट. 6 फूट 10 इंच, चष्मा लावणारा, अवघडलेला पोरगा; 1940च्या दशकात शिकागोच्या डी पॉल विद्यापीठात प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीवर उड्या मारायला लावल्या, नाचही शिकायला लावला. मी भाकरी थापत होते आणि ती हे सगळं हातवारे करून सांगत होती. भारताची कर्णधार झालेली, ऑस्ट्रेलियात जाऊन खेळलेली केरळची गीतू अ‍ॅना जोस 6 फूट 2 इंचांची, हे कळल्यापासून तर स्वतःची उंची विचारायच्या आधी सांगते.

तुमच्या घरात कन्नड, आमच्या घरात मराठी. या भागात भाषेवरून काय काय होतं ते आपण दोघांनी बघितलंय. कोर्टावर मात्र तुम्ही मोडक्यातोडक्या मराठीत समजावता आणि ती कन्नडात उत्तर देते. सराव संपून उशीर झाला की फाट्यावर तिचे वडील दिसेपर्यंत बस हलू न देणारे कंडक्टरही इथलेच. अशी माणसं भेटतात म्हणून लेकरं लांब धाडायचा धीर होतो.

बुटांचे पैसे तुम्ही घेणार नाही, तो विषय मी सोडला. पण यंदा गावच्या यात्रेला जेवायला यायचं, वहिनींना घेऊन. किती माणसं येणार ते लेकीजवळ सांगून ठेवा.

आपली,
तुमच्या संघातल्या सगळ्यात उंच पोरीची आई