काचेला जाळी लाव

चि. बाईस अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच आपटला. तेव्हापासून तुझी आई ताट समोर सरकवते आणि आत निघून जाते. म्हणून लिहायला बसलो. त्या दोन पोरींच्या जोडीसाठी तू केलेल्या केकबद्दल आता एक शब्द बोलणार नाही.

फक्त दुकानाच्या काचेला जाळी लाव.

केकचा फोटो आपल्या गावच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, आर्वीत आता काय काय विकतात पाहा. मी बोटांनी मोठा करून पाहिला. काय अक्षर आहे बाई तुझं! 'श्र'ची गाठ कुठे फुटली नाही. परातीत मैदा पसरून बोटानं गिरवायचीस, मी ओरडायचो, कोन दाबताना मनगट उचलू नको. आता मला तसं जमत नाही, हात थरथरतो.

तू म्हणालीस, घटनेच्या कलम 15 मध्ये दुकान हा शब्दच लिहिलेला आहे, तिथे जात, धर्म, लिंग पाहून कोणाला मनाई करता येत नाही. असेल. 2018 साली सुप्रीम कोर्टानं 377 चा निकाल दिला, समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणून, तोही मान्य. पण काच रस्त्याला आहे, आणि रात्री भट्टीशी तू एकटी असतेस.

आबांना लोकांनी सांगितलं होतं, दीक्षा घेतलेल्या घरांचे पाव वेगळ्या टोपलीत ठेवा. आबांनी टोपली एकच ठेवली. काही घरांनी पाव बंद केला. पावसाळ्यात चहासोबत टोस लागलाच, मग आले गुपचूप. तू त्यांच्यावर गेलीस. मी नाही गेलो.

आपल्याच गावची पोरगी, परधर्मात रजिस्टर लग्न केलेली, केक सांगायला आली होती. मी म्हटलं, मैदा संपला. पोतं माझ्या मागेच उभं होतं, तिला दिसत होतं. 'बरं काका' म्हणाली आणि गेली. तू तेव्हा काउंटरखाली पाढे लिहीत बसली होतीस. तुला आठवतं का, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. परवा तू 'तुम्ही तर बोलूच नका' म्हणालीस, तेव्हा कळलं.

आता नीट ऐक. कोणी मुद्दाम भांडायला येईल, त्यालाही पाव द्यायचा, सुटे पैसे मोजून द्यायचे, आवाज चढवायचा नाही. घाणेरडं काही लिहून मागितलं तर लिहायचं नाही. निवडणुकीत पोट्टे दुसऱ्या समाजावर शिवी लिहून मागत होते, मी त्यांना केक दिला, अक्षरं दिली नाहीत. तूच सांगितलेला तो बेलफास्टच्या बेकरीचा खटला असाच होता ना? घोषणा लिहायला नाही म्हणता येतं, माणसाला तो कोण आहे म्हणून नाही म्हणता येत नाही. आणि आठ वाजता शटर पाडत जा. आणि उधारी...

झालं माझं भाषण सुरू. माफ कर.

पुलगावच्या वेल्डिंगवाल्याला पैसे देऊन ठेवले आहेत. सोमवारी माप घ्यायला येईल. त्याला परत पाठवू नको, बाई.

तुझा,
बाबा

ता. क. त्या दोघींना केक आवडला का?